शेवटच्या शनिवारी नोकरी का जाते?



पेट किंवा नेटची तयारी करताना 'सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे' हे वाक्य तुम्ही निदान पन्नास वेळा वाचलं असेल. मलाही ते पाठ होतं. तरी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात मी नेमकी त्याच खड्ड्यात पडले. कशी पडले ते पुढे सांगते. त्याआधी एक इतिहास सांगायचा आहे. विषय थोडा लांबचा वाटेल: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक, आणि कट्टर प्रतिस्पर्ध्याशी सामना झाल्यावर गेलेल्या त्यांच्या नोकऱ्या. रसायनशास्त्रातल्या मुलीने हे कशाला लिहावं? कारण 'एका यादीवरून निष्कर्ष काढणं' किती धोक्याचं असतं, हे समजायला याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

हिमवादळातला सामना

२५ नोव्हेंबर १९५०. ओहायो राज्यातलं कोलंबस शहर. ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन. शेजारशेजारच्या दोन राज्यांमधली ही दोन मोठी सरकारी विद्यापीठं. त्यांचा पहिला सामना १८९७ मध्ये झाला होता. त्या दिवशी कोलंबसमध्ये हिमवादळ होतं. मैदानावरच्या रेषासुद्धा दिसत नव्हत्या.

हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नाही, म्हणून दोन नियम सांगते. चेंडू अंडाकृती असतो, तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकलात की पुढचे चार प्रयत्न मिळतात. याला 'फर्स्ट डाउन' म्हणतात. सरकणं जमणार नाही असं दिसलं, तर चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्याच्या हवाली करायचा. त्याला 'पंट' म्हणतात.

त्या दिवशी दोन्ही संघांनी मिळून ४५ पंट मारले. मिशिगनला अख्ख्या सामन्यात एकही फर्स्ट डाउन मिळाला नाही. तरीही मिशिगन ९-३ ने जिंकलं. ओहायो स्टेटचे पंट अडवून त्यांनी सगळे गुण मिळवले. म्हणजे चेंडू घेऊन पुढे जाता न आलेला संघ जिंकला, आणि हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकावर टीकेची झोड उठली.

त्या प्रशिक्षकाचं नाव वेस फेस्लर. तो स्वतः ओहायो स्टेटचाच नामवंत माजी खेळाडू. चार वर्षांत मिशिगनविरुद्ध त्याचे तीन पराभव आणि एक बरोबरी. विजय एकही नाही. हिमवादळाच्या सामन्यानंतर डिसेंबरमध्ये त्याने राजीनामा दिला. त्याच्या जागी आलेला वुडी हेज पुढे २८ हंगाम टिकला आणि या खेळातल्या दंतकथांपैकी एक झाला.

ही गोष्ट वाचून मनात काय येतं? 'मिशिगनकडून हरला, म्हणून गेला.' वाक्य सोपं आहे, आणि खोटं असेलच असंही नाही. पण या वाक्यातल्या 'म्हणून' या शब्दाला पुरावा काय? आजचा सगळा लेख त्या एका 'म्हणून'बद्दल आहे.

यादी भरत जाते

तिथे हा खेळ किती मोठा आहे ते आधी लक्षात घ्या. मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोघांच्याही स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. आणि प्रत्येक मोठ्या विद्यापीठाचा एखादा तरी कट्टर वैरी असतो, ज्याच्याकडून हरणं गावाला सहन होत नाही.

आता यादी करू.

२००६. अलाबामाचा माइक शूला ऑबर्नकडून २२-१५ असा हरला. ऑबर्नविरुद्ध त्याचा हा सलग चौथा पराभव. आठ-नऊ दिवसांत त्याला काढलं.

२००८. ऑबर्नचा टॉमी टबरव्हिल अलाबामाकडून ३६-० असा हरला. चार दिवसांनी त्याने पद सोडलं.

२०१२. ऑबर्नचा जीन चिझिक अलाबामाकडून ४९-० असा हरला. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. दोनच हंगामांपूर्वी त्याने ऑबर्नला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं.

२०१३. आर्मीचा रिच एलरसन नेव्हीकडून ३४-७ असा हरला. नेव्हीविरुद्ध पाचपैकी पाच पराभव. दुसऱ्या दिवशी काढलं.

२०१४. मिशिगनचा ब्रेडी होक ओहायो स्टेटकडून ४२-२८ असा हरला. तीन दिवसांनी काढलं.

२०१७. यूसीएलएचा जिम मोरा त्याच शहरातल्या यूएससीकडून २८-२३ असा हरला. दुसऱ्या दिवशी काढलं. तो त्याचा ५६ वा वाढदिवस होता.

सहा नावं, सहा पराभव, सहा गेलेल्या नोकऱ्या. फेस्लर धरून सात. शोधनिबंधाच्या प्रस्तावनेत हा तक्ता टाकला आणि खाली 'यावरून स्पष्ट होते की...' असं लिहिलं, तर बरेच वाचक मान डोलावतील. तुम्ही डोलावू नका. पुढचा परिच्छेद वाचण्याआधी एक मिनिट थांबा आणि स्वतःला विचारा: या यादीत काय दिसत नाहीये?

कॅलेंडरकडे बघा

कॉलेज फुटबॉलचा नियमित हंगाम ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर चालतो, साधारण बारा सामने. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग'चा सण येतो. घरं भरलेली असतात, सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकापासूनच मोठ्या चुरशीचे सामने या सणाच्या आसपास ठेवण्याची पद्धत पडली. पुढे ती इतकी रुळली, की बहुतेक कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा सामना हा हंगामाचा शेवटचा सामना झाला. मिशिगन आणि ओहायो स्टेटचा सामना १९३५ पासून, मोजके अपवाद सोडले तर, शेवटीच असतो. अलाबामा-ऑबर्न शेवटी. आर्मी-नेव्ही तर बाकी सगळ्यांचे नियमित सामने संपल्यावर, डिसेंबरमध्ये, एकटाच.

आता दुसरी बाजू. विद्यापीठं प्रशिक्षकाला कधी काढतात? हंगामाच्या मधे काढलं तर उरलेल्या सामन्यांची घडी विसकटते. फार उशीर केला तर शाळेतल्या नव्या खेळाडूंना करारबद्ध करायची वेळ निघून जाते. २०१७ पासून तर त्या करारांची पहिली फेरी डिसेंबरमध्येच येते. म्हणून निर्णयाची सोयीची वेळ एकच: नियमित हंगाम संपल्यावर लगेच.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. कट्टर सामना शेवटी असतो. काढायचा निर्णयही शेवटी होतो. म्हणजे प्रशिक्षकाला ज्या कारणाने काढलं ते काहीही असो, त्याचा शेवटचा सामना बहुधा प्रतिस्पर्ध्याशीच झालेला असणार! यादीतला आकृतिबंध वैरामुळे तयार झाला की वेळापत्रकामुळे, हे नुसत्या यादीवरून कळायला मार्ग नाही.

शिवाय आपल्या सहा जणांचा उरलेला हंगाम कसा गेला ते पाहा. २०१२ मध्ये चिझिकचा संघ बारापैकी तीन सामने जिंकला, आणि आपल्या गटातले आठच्या आठ हरला. २०१३ मध्ये एलरसनचा संघही बारापैकी तीनच जिंकला. टबरव्हिल आणि होक, दोघेही बारापैकी पाच. शूलाचे विजय सहा. मोराचे अकरापैकी पाच. संघ मुळात कमजोर असेल, तर तो प्रतिस्पर्ध्याकडूनही हरतो आणि प्रशिक्षकाची नोकरीही जाते. एकाच कारणाचे हे दोन परिणाम असू शकतात, आणि आपण पहिल्या परिणामाला दुसऱ्याचं कारण म्हणून बसतो. पाठ्यपुस्तकात 'कन्फाउंडर' म्हणतात तो हाच.

माझी शनिवारची यादी

आता माझी फजिती. दुसऱ्या वर्षात मी पाण्यातला रंग प्रकाशाच्या मदतीने विघटित करणारे उत्प्रेरक तपासत होते. त्यातली काही रीडिंग साफ बिघडत होती. मी बिघडलेल्या रीडिंगची एक यादी केली. एकूण चौदा. त्यातली अकरा शनिवारची! मला वाटलं, सापडलं. शनिवारी बाकीचे विभाग बंद असतात, विजेचा दाब वरखाली होत असणार, उपकरणाचा दिवा स्थिर राहत नसणार. मी व्होल्टेजच्या नोंदी ठेवायला लागले, स्टॅबिलायझरची चौकशी केली, प्रगती अहवालासाठी एक स्लाइडसुद्धा केली. तीन आठवडे गेले.

स्लाइड बघून मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "शनिवारी एकूण रीडिंग किती घेतलीस गं?"

मी वही उघडली. सोमवार ते शुक्रवार मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्रॅक्टिकल घेत होते. त्यामुळे माझं बरंचसं काम शनिवारीच व्हायचं. एकूण नव्वद रीडिंगपैकी सत्तर शनिवारची होती. सत्तरपैकी अकरा बिघडलेली. इतर दिवसांच्या वीसपैकी तीन. करा भागाकार: साधारण १६ टक्के आणि १५ टक्के. फरक काहीच नाही. शनिवारचा दोष नव्हता, मी फक्त शनिवारीच लॅबमध्ये होते.

मी अंश मोजला होता, छेद मोजलाच नव्हता. समितीसमोर ती स्लाइड गेली असती तर काय झालं असतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. आणि खरा दोष बघायला मी तीन आठवडे उशिरा पोहोचले ते वेगळंच.

जिंकूनही गेलेले, हरूनही राहिलेले

मग प्रशिक्षकांच्या बाबतीत छेद कसा मोजायचा? चार कप्पे करा: हरला आणि गेला; हरला पण राहिला; जिंकला तरी गेला; जिंकला आणि राहिला. आपली यादी फक्त पहिल्या कप्प्यातली आहे. बाकीचे तीन भरल्याशिवाय काहीच बोलता येणार नाही.

'जिंकला तरी गेला' हा कप्पा रिकामा असेल असं वाटतं ना? २००३ मध्ये नेब्रास्काच्या फ्रँक सोलिचने शेवटच्या सामन्यात कोलोरॅडोला ३१-२२ असं हरवलं. हंगामात ९ विजय, ३ पराभव. तरी काढलं. २०१४ मध्ये त्याच नेब्रास्काच्या बो पेलिनीने आयोवाला ३७-३४ असं जादा वेळेत हरवलं. पुन्हा ९ विजय, ३ पराभव. दोन दिवसांत काढलं. २०१५ मध्ये जॉर्जियाच्या मार्क रिक्टने जॉर्जिया टेकला १३-७ असं हरवलं. तेही ९ आणि ३. दुसऱ्या दिवशी पायउतार.

इथे आणखी एक अडचण दिसेल. जॉर्जियाचा 'कट्टर प्रतिस्पर्धी' नक्की कोण? टेकला तर रिक्टने हरवलं. पण त्याच हंगामात फ्लोरिडाकडून तो २७-३ असा हरला होता, आणि जॉर्जियाच्या लोकांना ते वैरही तितकंच जिव्हारी लागतं. नेब्रास्काचं तर आणखी गमतीचं. कोलोरॅडोच्या बिल मॅककार्टनी नावाच्या प्रशिक्षकाने १९८० च्या दशकात जाहीर करून टाकलं होतं की आमचा वैरी नेब्रास्का. नेब्रास्काचे लोक मात्र बराच काळ ओक्लाहोमाकडेच बघत होते. वैर दोन्हीकडून सारखं नसतं. म्हणून 'प्रतिस्पर्धी' कोणाला म्हणायचं हे यादी करण्याआधी ठरवायला हवं. यादी झाल्यावर ठरवलंत, तर जो हरवेल तोच प्रतिस्पर्धी ठरेल.

आता 'हरला पण राहिला'. आर्मीचा जेफ मंकन २०१४ मध्ये आला. पहिली दोन्ही वर्षं नेव्हीकडून हरला; आर्मीच्या सलग १४ पराभवांतले शेवटचे दोन त्याच्या नावावर आहेत. तो राहिला. २०१६ मध्ये २१-१७ असा जिंकला आणि पुढे तिथेच दीर्घकाळ टिकला. ओहायो स्टेटचा रायन डे २०२१, २०२२, २०२३ आणि २०२४, सलग चार वेळा मिशिगनकडून हरला. चौथा पराभव घरच्या मैदानावर, १३-१०, आणि तोही ओहायो स्टेटचं पारडं खूप जड मानलं जात असताना. आपल्या 'नियमा'प्रमाणे तो जायलाच हवा होता. पण त्याच वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपदाची बाद फेरी चार संघांवरून बारा संघांची झाली होती. दोन पराभव असूनही ओहायो स्टेटला जागा मिळाली, आणि २० जानेवारी २०२५ रोजी त्यांनी नोत्र दामला ३४-२३ असं हरवून विजेतेपद पटकावलं. जुनीच पद्धत असती, तर त्यांची विजेतेपदाची आशा बहुधा मिशिगनच्या सामन्यावरच संपली असती. पराभव तोच, भोवतीचे नियम बदलले आणि शेवट बदलला. इतिहासातली माहिती घेताना काळ बदलला की अर्थही बदलतो, तो असा.

'संपणं' म्हणजे नक्की काय?

आता मला सर्वात आवडणारा भाग. समजा आपण नियम केला: 'ज्याचा शेवटचा सामना प्रतिस्पर्ध्याशी झाला, तो यादीत.' हा नियम ओहायो स्टेटच्या दोन प्रशिक्षकांना लावून बघू.

पहिला जॉन कूपर. १९८८ ते २०००. एकूण १११ विजय, ४३ पराभव, ४ बरोबरी. मिशिगनविरुद्ध मात्र २ विजय, १० पराभव, १ बरोबरी. १९९३, १९९५ आणि १९९६, तीन वेळा त्याचा संघ तोवर अपराजित राहून मिशिगनसमोर गेला आणि तिन्ही वेळा हरला. मिशिगनमुळे नोकरी गेली असं कोणाबद्दल म्हणायचं, तर सगळे आधी याचंच नाव घेतील. पण त्याचा शेवटचा सामना १ जानेवारी २००१ रोजी साउथ कॅरोलायनाविरुद्ध होता. तो २४-७ असा हरला आणि दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. म्हणजे आपल्या नियमाने कूपर यादीच्या बाहेर!

दुसरा अर्ल ब्रूस, कूपरच्या आधीचा. १९८७ मध्ये त्याचा संघ आयोवाकडून २९-२७ असा हरला. त्यानंतरच्या सोमवारी, १६ नोव्हेंबरला, त्याला काढल्याचं जाहीर झालं. शनिवारचा मिशिगनचा सामना अजून व्हायचा होता. क्रीडा विभागाचे प्रमुख रिक बे यांनी या निर्णयाच्या निषेधार्थ स्वतःच राजीनामा दिला. २१ नोव्हेंबरला खेळाडू डोक्याला 'अर्ल' लिहिलेल्या पट्ट्या बांधून मैदानात उतरले आणि मिशिगनच्या मैदानावर २३-२० असे जिंकले. मिशिगनविरुद्ध ब्रूसचा हिशोब ५ विजय, ४ पराभव असा झाला. आपल्या नियमाने ब्रूस मात्र यादीच्या आत. का, तर शेवटचा सामना प्रतिस्पर्ध्याशी झाला!

जो असायला हवा तो बाहेर आणि ज्याचा संबंध नाही तो आत. ब्रूसच्या बाबतीत तर निर्णय आधी आणि सामना नंतर. परिणाम कारणाच्या पाच दिवस आधी आला. तक्त्यात फक्त वर्ष लिहिलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं. म्हणून नोंद ठेवताना तारीख लिहा, नुसतं वर्ष नको.

'कारकीर्द संपली' हा शब्दही तपासा. ब्रूस पुढे नॉर्दर्न आयोवा आणि कोलोराडो स्टेटचा प्रशिक्षक झाला. फेस्लर पुढच्याच हंगामात मिनेसोटाकडे गेला. रिक्टला काही दिवसांतच मायामीने घेतलं. होक, मोरा आणि टबरव्हिल हेही पुन्हा दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि टबरव्हिल तर पुढे अलाबामातूनच अमेरिकन सिनेटवर निवडून गेला. नोकरी जाणं आणि कारकीर्द संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या दोन वेगळ्या रकान्यांत लिहायच्या. उलट वुडी हेज. मिशिगनशी त्याच्या लढती गाजल्या, पण त्याची कारकीर्द मिशिगनने संपवली नाही. डिसेंबर १९७८ मध्ये क्लेमसनविरुद्धच्या सामन्यात त्याने समोरच्या संघाच्या खेळाडूला ठोसा मारला आणि २८ हंगामांची नोकरी गेली.

संशोधन पद्धतीच्या पुस्तकात 'कार्यात्मक व्याख्या' नावाचं जे कंटाळवाणं प्रकरण असतं, ते हेच. व्याख्या नीट नसेल तर कूपर निसटतो आणि ब्रूस अडकतो.

मग प्रतिस्पर्ध्याचा काहीच हात नाही का?

असंही घाईने म्हणू नका. एक खड्डा चुकवताना दुसऱ्यात पडायचं नाही. वेळापत्रकामुळे यादी फुगते हे खरं; पण त्यावरून वैराचा परिणाम शून्य आहे, असं सिद्ध होत नाही.

कूपरचंच गणित करा. एकूण १५८ सामने. मिशिगनचे १३ बाजूला काढले तर उरलेल्या १४५ पैकी १०९ जिंकले, म्हणजे ७५ टक्के. मिशिगनविरुद्ध १३ पैकी २, म्हणजे १५ टक्के. असा प्रशिक्षक एरवी सहज टिकला असता असं वाटतं. पण इथेही दोन अडथळे आहेत. मिशिगन हा सरासरी संघ नव्हता, त्यामुळे तुलना तितक्याच ताकदीच्या संघांशी करायला हवी. आणि हंगामानंतरच्या 'बोल' सामन्यांतही कूपरचे ११ पैकी फक्त ३ विजय होते. मिशिगनमुळे गेला, की मोठ्या सामन्यांत हरत राहिला म्हणून गेला?

बिल करीचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. १९८७ ते १९८९ तो अलाबामाचा प्रशिक्षक होता. २६ विजय, १० पराभव, पण ऑबर्नविरुद्ध तीनपैकी तीन पराभव. १९८९ मध्ये त्याचा संघ दहाच्या दहा सामने जिंकून ऑबर्नला गेला. ऑबर्नच्या स्वतःच्या मैदानावर होणारा हा दोघांमधला पहिलाच सामना होता. तोवर ही लढत अनेक दशकं बर्मिंगहॅममध्ये व्हायची. अलाबामा ३०-२० असं हरलं. त्यानंतर लवकरच करी केंटकीला निघून गेला. अलाबामाने पुढे केलेला करार त्याला मान्य नव्हता. इथे संघ कमजोर नाही, हंगाम वाईट नाही, म्हणजे वर सांगितलेला कन्फाउंडर लागू होत नाही. अशी उदाहरणं एका लांबलचक यादीपेक्षा मोलाची असतात. ती शोधायला कष्ट पडतात, कारण ती यादीत आपोआप येत नाहीत. करीचा शेवटचा सामनाही ऑबर्नशी नव्हता; त्यानंतर तो मायामीविरुद्ध शुगर बोल खेळला होता.

टबरव्हिलची गोष्ट याच्या उलट दिशेने शिकवते. २००२ ते २००७ सलग सहा वर्षं त्याने अलाबामाला हरवलं. अलाबामात नव्याने आलेला निक सेबनसुद्धा पहिल्या वर्षी, २००७ मध्ये, त्याच्याकडून १७-१० असा हरला. सेबन पुढे या खेळातल्या सर्वात यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक झाला. म्हणजे पहिल्या वर्षाचा निकाल बघून अलाबामाने निष्कर्ष काढला असता तर? आणि टबरव्हिलला सहा विजय पुरले नाहीत, एक वाईट वर्ष पुरलं.

प्रशिक्षक बदलल्याने सुधारणा होते का, याचंही तसंच. ९-३ वर सोलिचला काढून नेब्रास्काने जो आणला, त्याच्या पहिल्याच वर्षी संघ ५-६ वर आला. १९६१ नंतर पहिल्यांदाच पराभव विजयांपेक्षा जास्त झाले. ९-३ वर रिक्टला काढून जॉर्जियाने जो आणला, त्याने पुढे दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. यातलं कोणतं उदाहरण 'पुरावा' म्हणून द्यायचं? एकच निवडलंत, तर तुम्हाला हवं ते सिद्ध करता येतं. म्हणूनच एक निवडायचं नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

एक कागद घ्या. कोणतंही एक विद्यापीठ निवडा आणि प्रत्येक हंगामाला एक ओळ द्या. नोकरी गेलेल्यांनाच नाही, प्रत्येक हंगामाला. रकाने असे: प्रशिक्षक, प्रतिस्पर्ध्याशी सामन्याची तारीख, निकाल, बाकी सामन्यांतले विजय-पराभव, निर्णयाची तारीख, प्रशिक्षक राहिला की गेला, पुढे काय केलं. 'प्रतिस्पर्धी' कोण हे पहिली ओळ भरण्याआधी वर लिहून ठेवा. मग परिणाम मोजण्यासाठी विचारायचा प्रश्न असा: बाकीचा हंगाम सारखाच गेलेला असताना, प्रतिस्पर्ध्याकडून हरलेले आणि त्याला हरवलेले प्रशिक्षक, यांच्यात नोकरी जाण्याचं प्रमाण वेगळं आहे का? ही झाली तपासता येणारी परिकल्पना. 'वैरी नोकरी खातो' ही झाली गावगप्पा.

हाच कागद तुमच्या विषयाला लावा. नापास झालेल्यांची यादी असेल तर पास झालेल्यांचीही करा. आजारी पडलेल्यांची असेल तर निरोगी राहिलेल्यांचीही. बिघडलेल्या रीडिंगची असेल तर चांगल्या रीडिंगचीही. सिनॉप्सिस लिहिताना तुमच्या मुख्य वाक्यातला 'म्हणून' शोधा आणि त्याच्या शेजारी पेन्सिलने लिहा: एकूण किती?

आणि यादीतली नावं ही माणसांची असतात, हेही विसरू नका. ब्रूसला मिशिगनकडून हरला म्हणून काढलं, असं कुणी चार ओळींच्या तक्त्यावरून लिहिलं, तर ते फक्त पद्धतीचं चुकणं नाही. डोक्याला पट्ट्या बांधून त्याच्यासाठी जिंकलेल्या मुलांवरही तो अन्याय आहे.

पुढच्या लेखात 'अजून नोकरीत असलेल्यांचं काय करायचं' हा प्रश्न घेऊ. त्यांचा शेवट अजून झालेला नाही, मग तक्त्यात काय लिहायचं? त्यासाठी सर्व्हायव्हल ॲनॅलिसिस लागतं. नाव ऐकून घाबरू नका, कागद तेवढा भरून ठेवा.